लग्नसराईचा डेटा आणि तीन ड्राइव्ह

मी नागपुरात मनीषनगर भागात राहते आणि गेली नऊ वर्षे घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचे मिक्सिंग करते. शूटिंग मी करत नाही. चार-पाच कॅमेरामन आपापला डेटा माझ्याकडे आणून देतात आणि त्यातून मी अडीच-तीन तासांची पूर्ण फिल्म, पाच-सात मिनिटांचा हायलाइट आणि मिनिटभराचा टीझर तयार करून देते. माझ्या टेबलावर येणारे फुटेज दुसऱ्याचे असते आणि ते पुन्हा चित्रित करता येत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही ड्राइव्ह विकत घेताना मी कधी त्या अंगाने विचार केला नव्हता. डब्यावर लिहिलेला वेग पाहायचा, किंमत विचारायची आणि घरी घेऊन यायचे, एवढेच मी करत आले. २०२४ च्या उन्हाळ्यात हा विचार नव्याने करावा लागला. तो कसा केला आणि सुमारे ३१ हजार रुपयांत काय जमवता आले, ते येथे लिहीत आहे, कारण घरून काम करणाऱ्या बहुतेक एडिटरांची गरज आणि ऐपत माझ्यासारखीच असते.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, नवतपा सुरू असताना, माझा २ टेराबाइटचा पोर्टेबल ड्राइव्ह बिघडला. तो तीन वर्षांचा होता आणि सगळे काम त्या एकट्यावरच चालत असे: त्यावरच फुटेज उतरवायचे, त्यावरूनच एडिट करायचे, तयार फिल्म त्यातच ठेवायची आणि जागा संपली की जुनी लग्ने पुसून नवी भरायची. त्या दिवशी उमरेडच्या एका लग्नाचे फोल्डर उघडले, पण क्लिपची चित्रे दिसेनात. कॉपीच्या खिडकीतली हिरवी रेष खाली आली आणि शून्यावर थांबली. ड्राइव्ह कानाशी धरला, तर दर दोन-तीन सेकंदांनी आतून एक बारीक, ठरलेला टकटक आवाज येत होता. मी वायर काढून पुन्हा जोडली आणि असे तीन वेळा केले, जे मुळीच करायला नको होते, कारण असा आवाज येत असताना प्रत्येक नवा प्रयत्न आतल्या तबकड्यांना आणखी इजा करू शकतो. ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याने कवच उघडले, तेव्हा कळले की आतल्या सर्किट बोर्डावर ड्राइव्ह संगणकाला जोडायचे नेहमीचे साटा कनेक्टर नव्हतेच, यूएसबीचे तोंड थेट बोर्डावर झाळलेले होते. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हची रचना अशी असते, आणि त्यामुळे आतला ड्राइव्ह काढून दुसऱ्या केसमध्ये घालून पाहण्याचा मार्ग बंद होतो. डेटा परत काढून देणाऱ्यांनी सांगितलेली रक्कम तीन नव्या ड्राइव्हच्या किमतीहून जास्त होती, आणि हमी काहीच नव्हती.

कँडिड शूट करणाऱ्या भाऊंनी त्यांची कार्डे अजून फॉरमॅट केली नव्हती, म्हणून लग्नाचा मोठा भाग वाचला. ट्रॅडिशनल कॅमेऱ्याची कार्डे मात्र दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तासाठी रिकामी करून वापरली गेली होती. हळदीचे सुमारे अडीच तासांचे चित्रण कायमचे गेले. ते सांगायला मी उमरेडला नवरीच्या घरी स्वतः गेले. नवरीच्या आईने एकच विचारले, की हळदीत आजीने गाणे म्हटले होते, ते तरी आहे का. ते नव्हते.

नवा ड्राइव्ह घ्यायला बाजारात जाण्याआधी मी एक आठवडा फक्त मोजमाप केले, आणि सगळ्यात जास्त उपयोग याच आठवड्याचा झाला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०० मेगाबिट प्रतिसेकंद असे लिहिलेले असते. त्याला आठने भागले की १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद होतात, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. ५० मेगाबिटने चित्रित केलेल्या फुल एचडीला तासाला साडेबावीस गिगाबाइट लागतात. माझ्याकडे येणाऱ्या एका सर्वसाधारण लग्नात ट्रॅडिशनल कॅमेऱ्याचे आठ तासांचे फुल एचडी असते, म्हणजे १८० गिगाबाइट. कँडिड कॅमेऱ्याचे तीन तासांचे फोर-के असते, म्हणजे १३५. ड्रोन आणि मोबाइलवरचे मिळून आणखी पंधरा धरले, तर एका लग्नाचे ३३० गिगाबाइट होतात. एका सीझनला मी दहाच्या आसपास लग्ने घेते, तेव्हा गरज ३.३ टेराबाइटची. ४ टेराबाइटचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ३.६३ दिसतो, हे पाहून पूर्वी मला फसवणूक झाल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, जागा तेवढीच असते. म्हणजे एका सीझनचे कच्चे फुटेज एका ४ टेराबाइटच्या ड्राइव्हवर मावते, आणि थोडी जागा शिल्लकही राहते.

हा हिशेब करताना आणखी एक गोष्ट दिसली, जी पुढच्या सगळ्या खरेदीचा पाया ठरली. माझ्या ड्राइव्हवर तीन जातींच्या वस्तू एकत्र पडलेल्या होत्या. कच्चे फुटेज गेले, तर ते जगात कुठेच मिळणार नाही. प्रोजेक्ट फाइल जेमतेम काही मेगाबाइटची असते, पण तिच्यात माझे पंधरा-वीस दिवसांचे काम असते. प्रॉक्सी (मूळ क्लिपच्या हलक्या नकला), कॅशे (तात्पुरत्या फाइली) आणि रेंडरच्या मधल्या फाइली जागा भरपूर खातात, पण संगणकाला एक रात्र दिली की पुन्हा तयार होतात. जे पुन्हा तयार होते, त्याला वेग हवा. जे पुन्हा मिळत नाही, त्याला दुसरी प्रत हवी. इतकी वर्षे मी दोन्हींसाठी एकच वस्तू शोधत होते आणि ती स्वस्त मिळावी अशी अपेक्षा करत होते.

वेगाबद्दलचा माझा एक गैरसमज याच आठवड्यात दूर झाला. फोर-केची क्लिप टाइमलाइनवर अडखळत असे आणि दोष ड्राइव्हचा आहे, असे मी धरून चालले होते. म्हणून मी तीच क्लिप लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर (तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणाऱ्या ड्राइव्हवर) ठेवून चालवून पाहिली, तर ती तितकीच अडखळली. ती १० बिट, ४:२:२, एच.२६५ अशी क्लिप होती. अशा क्लिपमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे साठवलेले नसते, आजूबाजूच्या चित्रांवरून ते दर वेळी उलगडून घ्यावे लागते; तो भार प्रोसेसरवर आणि ग्राफिक्सवर पडतो, आणि कितीही महागडा ड्राइव्ह आणला तरी तो हलका होत नाही. त्या क्लिपची प्रॉक्सी बनवली आणि अडखळणे थांबले. ज्यांचा ड्राइव्ह ‘स्लो’ आहे, त्यांनी पैसे खर्च करण्याआधी ही पाच मिनिटांची चाचणी अवश्य करावी.

याचा अर्थ ड्राइव्हच्या वेगाला महत्त्व नाही, असाही नाही. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० ते १४० मेगाबाइट सहज देते आणि तीन कॅमेऱ्यांच्या तीन क्लिप मिळून साडेसदतीसच मागतात, तेव्हा कागदावर ती पुरेशी आहे. पण टाइमलाइनवर तीन क्लिप एकाच वेळी चालतात तेव्हा वाचणाऱ्या हाताला तबकडीच्या तीन ठिकाणी सतत ये-जा करावी लागते. त्यात ध्वनीचे आलेख आणि कॅशे तिथेच लिहिले जात असतील, तर वेळ वाचण्यात कमी आणि जागा शोधण्यात जास्त जातो. एसएसडीत हलणारा भाग नसल्यामुळे ही ये-जा उरत नाही. म्हणून चालू काम एसएसडीवर ठेवायचे ठरवले, पण त्यासाठी १ टेराबाइट पुरे होता, कारण माझ्या हातात एका वेळी दोनच लग्ने असतात.

दुसरीकडे, स्वस्त पोर्टेबल हार्ड डिस्क हळू का होत जाते, याचेही उत्तर मिळाले. बाजारातल्या बहुतेक अडीच इंची मोठ्या ड्राइव्हमध्ये एसएमआर ही पद्धत असते. आपल्याकडच्या घरांवर कवेलू (कौले) जसे एकावर एक थोडे चढवून रचतात, तशा या तबकडीवरच्या लिखाणाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावते. मधले एक कवेलू बदलायचे असेल तर वरची सारी उचलावी लागतात; त्याचप्रमाणे मधला मजकूर बदलताना शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रिकाम्या ड्राइव्हवर एकदाच सलग भरताना हे जाणवत नाही, मात्र पुसून-पुसून पुन्हा भरत राहिले की कॉपीचा वेग १२० वरून वीस-तीसवर येतो. माझा जुना ड्राइव्ह मी नेमका असाच वापरत होते. सीएमआर पद्धतीत पट्ट्या वेगवेगळ्या असतात आणि ही अडचण येत नाही. डब्यावर हा फरक सहसा लिहिलेला नसतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या ड्राइव्हमध्ये एसएमआर वापरले असल्याचे उघड झाले आणि त्यावर बरीच टीका झाली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये कोणती पद्धत आहे, याच्या याद्या जाहीर केल्या. तेव्हापासून दुकानात जाताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक जवळ ठेवणे शक्य झाले आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सीताबर्डीला गेले. पहिल्या दुकानात साडेतीन इंची ४ टेराबाइटचा ड्राइव्ह अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत सांगितला गेला. “ताई, या भावात तुम्हाले पूर्ण बर्डीत मिळणार नाही,” असे दुकानदार म्हणाले. मी लॅपटॉप सोबत नेला होता. ड्राइव्ह जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची प्रकृती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडले, तर ‘पॉवर ऑन अवर्स’समोर (ड्राइव्ह किती तास चालला, त्यासमोर) ११ हजारांहून मोठा आकडा होता. म्हणजे नवा म्हणून समोर ठेवलेला तो ड्राइव्ह सव्वा वर्षापेक्षा अधिक काळ कुठेतरी अखंड चाललेला होता, बहुधा सीसीटीव्हीच्या डब्यात. नव्या ड्राइव्हमध्ये हा आकडा शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ असावा लागतो. मी ते दुकान सोडले.

दुसऱ्या दुकानाचे मालक वयाने मोठे आणि काम जाणणारे होते. त्यांना मी काय हवे हे न सांगता काय काम आहे ते सांगितले, आणि त्याचा फायदा झाला. त्यांनी आपल्या स्वतःच्या संगणकावर वापरत असलेली एक स्वस्त एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची) एसएसडी आधी दाखवली आणि म्हणाले, “काका म्हणून सांगतो, ही घेऊ नका. तुमच्या कामाले ही पुरणार नाही.” मी त्यांच्या परवानगीने तिच्यावर २०० गिगाबाइटचे लग्नाचे फोल्डर कॉपी करून पाहिले. सुरुवातीला वेग ९०० मेगाबाइट होता आणि हिरवी रेष सपाट होती. निम्म्याच्या जवळ पोहोचल्यावर ती रेष एकदम तुटल्यासारखी खाली आली आणि ९० च्या आसपास रेंगाळत राहिली. एका कोठ्यात चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी पद्धतीच्या एसएसडीत असे होते: थोडा भाग वेगवान टाकीसारखा राखून ठेवलेला असतो, ती टाकी भरली की मूळचा संथ वेग उघडा पडतो. एक गिगाबाइटची चाचणी करून दाखवणारे सॉफ्टवेअर त्या टाकीच्या पुढे जातच नाही, म्हणून जाहिरातीतला आकडा खोटा नसूनही माझ्या कामाचा नसतो. मग त्यांनी एका कोठ्यात तीन बिट साठवणारी टीएलसी पद्धतीची १ टेराबाइटची एसएसडी दिली. तीही टाकी संपल्यावर खाली आली, पण ५०० वर टिकून राहिली. किमतीत हजार रुपयांचा फरक होता, आणि या सगळ्या खरेदीत सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले हजार रुपये हेच होत, असे मी आजही मानते.

तयार पोर्टेबल एसएसडी न घेता मी ही एसएसडी आणि १० गिगाबिटचे ॲल्युमिनियमचे केस असे वेगवेगळे घेतले. दोन्ही मिळून साडेआठ हजारांच्या आसपास पडले. केसचे तोंड सैल झाले किंवा आतली चिप बिघडली, तरी एसएसडी काढून दुसऱ्या केसमध्ये घालता येते. उमरेडच्या प्रसंगानंतर मला हे हवेच होते. घरी आल्यावर मात्र वेग ४० मेगाबाइटच मिळाला आणि मी घाबरले. शोध घेता कळले की मी मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी वायर लावली होती, जिच्यातून डेटा जुन्या यूएसबी २.० च्या गतीनेच जातो. केससोबतची आखूड वायर लावताच आकडा ९०० च्या वर गेला. ज्यांच्या लॅपटॉपचे पोर्ट ५ गिगाबिटचे आहे, त्यांना कितीही वेगवान एसएसडी घेतली तरी ४५० च्या पुढे फारसे मिळणार नाही, म्हणून त्यांनी आपले पोर्ट आधी पाहावे आणि साधी साटा एसएसडी घेऊन पैसे वाचवावेत.

नागपूरच्या उन्हाचा विचार कोणत्याही डब्यावर लिहिलेला नसतो. मेमध्ये बाहेर ४५ अंश असते आणि कूलर चालू असूनही माझ्या खोलीत दुपारी सदतीस-अडतीस असतात. ठरावीक तापमान ओलांडले की एनव्हीएमई एसएसडी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मोठी कॉपी चालू असताना माझी एसएसडी ६८ अंशांपर्यंत गेली होती. केसच्या आतली सिलिकॉनची पट्टी नीट बसवली, केस लॅपटॉपच्या खालून काढून टेबलावर उभे ठेवले आणि मोठ्या कॉपी रात्री अकरानंतर लावू लागले, तेव्हा ती साठच्या आत राहू लागली. कूलरच्या सरळ झोतात ड्राइव्ह ठेवायचा नाही, हेही ठरवले, कारण त्या हवेत ओल असते आणि वाळ्याच्या ताटीतून बारीक थेंबही येतात. आमच्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर माझ्या जुन्या स्पीकरच्या जाळीवर आजही दिसतो. आणि ड्राइव्ह स्कूटीच्या डिक्कीत ठेवून भर दुपारी बाजारात हिंडायचे नाही. कॅमेरामन भाऊंनाही मी हे आवर्जून सांगते.

सीझनचे फुटेज ठेवायला मी सीएमआर पद्धतीचा, नास (नेटवर्कवर जोडून अखंड चालणाऱ्या साठवणुकीच्या) उपकरणांसाठी विकला जाणारा ४ टेराबाइटचा साडेतीन इंची ड्राइव्ह आणि तो वरून उभा खोचायचा डॉक घेतला. दोन्ही मिळून साडेबारा हजार रुपये झाले. याला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो आणि तो पिशवीत घालून फिरवण्याजोगा नाही, पण माझ्याकडे तो टेबलावरून हलतच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज दोन-तीनदा तरी जाते, म्हणून डॉक यूपीएसवर आहे. लिहिता लिहिता वीज गेली, तर नुसती ती फाइल नव्हे, फोल्डरांची यादीच बिघडू शकते. याच कारणासाठी हा ड्राइव्ह फॉरमॅट करताना एक्सफॅट हा प्रकार न ठेवता एनटीएफएस निवडला. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, पण अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद ठेवण्याची सोय त्यात नाही. मॅक वापरणाऱ्या कॅमेरामनशी देवाणघेवाण करण्यापुरते ते ठीक आहे, वर्षभराच्या साठ्यासाठी मी ते वापरत नाही.

तिसरी खरेदी सगळ्यात कमी आकर्षक होती, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. तो साधा ४ टेराबाइटचा पोर्टेबल ड्राइव्ह आहे, तेव्हा दहा हजारांच्या जवळ मिळालेला, एसएमआर पद्धतीचाच. त्यावर एकदाच सलग भरायचे आणि पुसायचे नाही, एवढेच त्याचे काम आहे, आणि त्या कामात एसएमआरची अडचण येत नाही. हा ड्राइव्ह माझ्या घरी राहत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अंबाझरीकडच्या माझ्या परिचयाच्या एका छायाचित्रकाराचा स्टुडिओ तळमजल्यावर होता. त्याच्याकडे दोन प्रती होत्या, मीच त्याला तसे सुचवले होते, आणि दोन्ही ड्राइव्ह एकाच टेबलाच्या खालच्या खणात होते. पाणी ओसरल्यावर त्याने खण उघडला, तेव्हा आतून गाळ निघाला. एका जागी ठेवलेल्या दोन प्रती पुराला, आगीला आणि चोराला एकच असतात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हा नियम मी पूर्वी वाचला होता, पण त्यातला शेवटचा भाग मला त्या खणाने समजावला.

माझा तिसरा ड्राइव्ह नागपुरातल्याच महाल भागात आईच्या घरी दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात असतो, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद डब्यात. दर रविवारी मी आईकडे जातेच. सुरुवातीला डबा सोबत घरी आणत असे, नवे फुटेज त्यावर उतरवत असे आणि पुढच्या रविवारी परत ठेवत असे. मधल्या सहा दिवसांत दोन्ही प्रती माझ्याच घरी असत, हा दोष मला दिसला. तो घालवण्यासाठी आता मी कॉपी त्याच संध्याकाळी करते आणि सोमवारी सकाळी भाचा कॉलेजला जाताना डबा आईकडे घेऊन जातो. इथे एसएसडी का ठेवली नाही, असे एका कॅमेरामनने विचारले होते. एसएसडीत मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न देता पडून राहिली की तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत अधिक लवकर. जेईडीईसी या चिपची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात साध्या ग्राहकांच्या एसएसडीने आपले लिखाणाचे आयुष्य संपल्यावर ३० अंश तापमानात वीज नसताना एक वर्ष मजकूर टिकवावा, अशी अपेक्षा आहे. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त टिकवते हे खरे, पण नागपूरचे बंद कपाट उन्हाळ्यात ३० अंशांवर राहत नाही, आणि तेवढ्याच जागेसाठी एसएसडीला कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात.

क्लाउडचा विचारही केला. १ टेराबाइट पाठवायला अपलोडचा वेग अखंड १०० मेगाबिट मिळाला तरी बावीस तासांहून जास्त लागतात. माझ्याकडे तो ४० मिळतो, म्हणजे पंचावन्न तास. सगळे कच्चे फुटेज तिथे ठेवणे मला परवडत नाही. प्रोजेक्ट फाइली आणि तयार फिल्म मात्र मी रोज रात्री पाठवते.

कॉपी करण्याची पद्धतही बदलली. पूर्वी मी फोल्डर ओढून टाकत असे आणि खिडकी बंद झाली की काम झाले असे समजत असे. आता टेराकॉपी या सॉफ्टवेअरने कॉपी करून पडताळणी चालू ठेवते, ज्यात दोन्हींकडच्या प्रत्येक फाइलची खूण काढून ती जुळते का ते पाहिले जाते. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. माझ्या वहीत प्रत्येक लग्नासमोर तीन रकाने आहेत आणि पहिल्या दोन ड्राइव्हसमोर बरोबरची खूण होईपर्यंत मी कॅमेरामनला कार्ड रिकामे करण्याचा होकार देत नाही. सुरुवातीला त्यांची कुरकुर होती, कारण मुहूर्त लागोपाठ असले की कार्डे कमी पडतात. शेवटी दोघांनी जास्तीची कार्डे घेतली, आणि एकाला मी माझ्या मानधनातून दोन हजार सोडले.

वॉरंटीबद्दल एक सांगायला हवे. बिल घेतले, क्रमांक दुकानातच कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून मुदत पाहिली, हे सगळे केले आणि करावेच. पण वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, आतले लग्न मिळत नाही. कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न मला सगळे जण विचारतात. बॅकब्लेझ ही क्लाउडवर साठवणूक पुरवणारी अमेरिकी कंपनी आपल्या लाखो ड्राइव्हची आकडेवारी २०१३ पासून प्रसिद्ध करत आली आहे आणि २०२३ सालात त्यांच्याकडे बिघाडाचे प्रमाण वर्षाला १.४० टक्के होते. ते ड्राइव्ह थंड खोलीत, जागचे न हलता चालतात, आपले पिशवीतून फिरतात. आणि आपल्याकडे तीनच ड्राइव्ह असतात. त्यांतला कोणता कधी जाईल, हे कोणतीही टक्केवारी सांगत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात, सीझन सुरू होण्यापूर्वी मी एक दिवस फक्त सरावासाठी राखून ठेवला. कामाची एसएसडी आणि डॉकमधला ड्राइव्ह दोन्ही काढून बाजूला ठेवले आणि ते गेलेच आहेत असे समजून, आईकडच्या ड्राइव्हवरून एक जुने लग्न उघडायला घेतले. प्रोजेक्ट उघडला, पण सगळ्या क्लिप लाल दिसल्या, कारण विंडोजने या ड्राइव्हला निराळे अक्षर दिले होते आणि प्रोजेक्ट जुन्या अक्षरावर फाइली शोधत होता. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर बदलल्यावर क्लिप आल्या. तरी पार्श्वसंगीताचे तीन तुकडे आणि नावांच्या पाटीचा फाँट आला नाही. ते मी कधीकाळी लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमधून थेट टाइमलाइनवर ओढले होते, आणि तो फोल्डर कोणत्याच प्रतीत नव्हता. त्या दिवशी मी दहाही लग्नांचे प्रोजेक्ट एकेक करून उघडले आणि प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये संगीत, फाँट आणि पाट्यांसाठी जागा केली. रात्री साडेबारा वाजता शेवटचे फोल्डर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सावनेरहून पहिल्या लग्नाची कार्डे आली.